एकाच सहीची दोन पत्रं

मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅम, रेकमेंडेशन लेटर मी ड्राफ्ट करून आणलंय. तुमची फक्त साईन हवीय."

"मग साईनही तूच कर की," मी म्हणाले.

ती हसली. पुण्यात माणूस चिडला की विनोद करतोय असंच समोरच्याला वाटतं, आणि आपणही तो गैरसमज दूर करत नाही. मी तिला सोमवारी यायला सांगितलं आणि कागद ठेवून घेतला. तिला एका परदेशी संग्रहालयात जाऊन जुने नकाशे बघायचे होते आणि त्यासाठी प्रवासवृत्ती हवी होती. पत्र फार छान लिहिलेलं होतं. त्यात मी तिच्याबद्दल अशा काही गोष्टी ठामपणे सांगत होते, ज्या मला ते पत्र वाचूनच कळल्या. मी दोनदा वाचलं आणि त्या दिवशी दुपारचा डबा न खाता परत नेला. कारण असं पत्र मीही एकदा लिहिलं होतं. एक नाही, दोन.

या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या वस्तू, कागद, कापडं, चित्रं परदेशातल्या संग्रहालयांत खोक्यांत आणि कपाटांत पडून आहेत. आपल्याकडचा जो कुणी त्यावर अभ्यास करतो त्याला तिथं स्वतःच्या खर्चानं जाणं या जन्मात शक्य नसतं. म्हणून काही संग्रहालयं प्रवासवृत्ती देतात. जायचं-यायचं भाडं, तीन आठवडे राहायची सोय, आणि वाचनकक्षात एक टेबल-खुर्ची. त्या टेबल-खुर्चीसाठी माणसं वर्षानुवर्षं झुरतात. अर्जाबरोबर मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागतं, आणि आमच्याकडे ते मार्गदर्शक लिहीत नाहीत. विद्यार्थी लिहितो, मार्गदर्शक सही करतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. मी पुण्याची. माझं इंग्रजी चांगलं होतं, म्हणजे पुण्यात ज्याला चांगलं म्हणतात तसं, लिहिताना चोख आणि बोलताना घाम. माझा विषय होता पुण्याच्या पेठांतला जुना कापडबाजार. ती भंडाऱ्याकडची. तिचे वडील कोसा विणायचे, कोसा म्हणजे तिकडचं जाडसर रेशीम. माग बंद पडल्यावर ते तांदळाच्या गिरणीत कामाला लागले. ती सदाशिव पेठेत एका खोलीत चौघींबरोबर कॉट बेसिसवर राहायची आणि तिचा विषय होता त्याच कोशाच्या साड्यांचे काठ. करवतीच्या दातांसारखा काठ असतो त्यांना. काठाचा रंगीत धागा आणि साडीच्या अंगाचा धागा एकमेकांत अडकवत विणायचं, त्याला आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे लागतात. हे सगळं मला तिनंच शिकवलं.

एका संग्रहालयात आपल्याकडून गोळा करून नेलेल्या कापडांच्या नमुन्यांच्या वह्या होत्या. वीतभर तुकडे, वरच्या कडेनं पुठ्ठ्याला टाचलेले. त्यांचे फोटो संकेतस्थळावर होते. आम्ही विभागातल्या संगणकावर ते बघत बसलो होतो. कोशाच्या चार तुकड्यांखाली फक्त 'नागपूरकडील रेशीम' एवढंच लिहिलेलं होतं. नागपूरकडील म्हणजे सगळा विदर्भच की. ती कितीतरी वेळ त्या चार फोटोंकडे बघत राहिली आणि मग वैतागून म्हणाली, "समोरून काढलेत सगळे. समोरून काय दिसते? समोरून सारे विणकर सारखेच."

"मग?"

तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकलेली स्वतःची ओढणी उचलली आणि उलटी करून माझ्या नाकासमोर धरली. "काठाचा धागा कुठं संपला, टोक कसं दडवलं, मधेच रंग बदलला तर काय केलं, हे मागून कळते. प्रत्येक गावाची रीत वेगळी असते. माझे बाबा उलटं कापड पाहून सांगतात, हे कुठलं. मले हे चार तुकडे उलटून पाहायले भेटले ना, तर मी सांगीन कुठून आले ते." चिडली किंवा हरखली की तिची भाषा गावाकडे वळायची. एरवी ती आमच्यासारखं बोलायचा फार प्रयत्न करायची, आणि तो प्रयत्न बघून मला उगाचच बरं वाटायचं. हे आता लिहिताना लाज वाटते.

त्याच महिन्यात त्या संग्रहालयाची प्रवासवृत्ती जाहीर झाली. भारतातून एकालाच मिळणार होती. आम्ही दोघींनी अर्ज करायचं ठरवलं. अर्जात एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर अर्जदारानं नाही, शिफारस करणाऱ्यानं द्यायचं होतं. या संग्रहाची छायाचित्रं संकेतस्थळावर उपलब्ध आहेत, मग हे काम ती पाहून का होणार नाही?

प्रश्न रास्त होता. आणि खरं सांगायचं तर माझं काम ती पाहून झालं असतं. मला वहीतल्या व्यापाऱ्यांची नावं, भाव आणि तुकड्यांचे रंग हवे होते. ते फोटोंत स्पष्ट दिसत होते. मला जायचं होतं ते जायचं होतं म्हणून. घरात माझ्याआधी कुणी विमानात बसलेलं नव्हतं, नात्यातली एक बहीण अमेरिकेहून दर वर्षी येऊन तिथल्या हवेबद्दल बोलायची, आणि मी तिशी ओलांडून अजून 'शिकतच' होते. ही कारणं शिफारसपत्रात घालता येत नाहीत.

सरांच्या डोळ्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते काळा चष्मा लावून सोफ्यावर बसले होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "दोघींची पत्रं तूच लिहून आण. तुझं इंग्रजी बरं आहे. आणि मला वाचायला लावू नकोस. डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती सांगितलीय, आणि माझ्याबद्दल नसलेलं काही वाचायला मला तसंही आवडत नाही."

जिना उतरताना ती म्हणाली, "तू लिहिणार म्हणजे टेन्शनच गेलं."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी तिच्या मुद्द्यांचा कागद देऊन गेली. मराठीत, सुवाच्य अक्षरात, एका बाजूला समास सोडून. पहिलाच मुद्दा कापडाच्या मागच्या बाजूचा होता. खाली रेघ मारून लिहिलं होतं, हे नक्की घे.

मी माझं पत्र आधी लिहायला घेतलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, कुणीही आपलं आधी लिहिलं असतं. सगळं भराभर झालं आणि त्या एका प्रश्नापाशी घोडं अडलं. फोटोंवर काम का होणार नाही? मी चहा करून आले, कपाट आवरलं, आईशी निष्कारण भांडले. मग येऊन बसले आणि सलग तीन वाक्यं लिहिली. सर्व छायाचित्रं समोरच्या बाजूची आहेत, विणकराची रीत मागच्या बाजूला दिसते, आणि कापड कुठल्या गावचं हे उलटून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ही वाक्यं पत्रात इतकी चपखल बसली की मला क्षणभर माझाच अभिमान वाटला. माझ्या विषयाशी त्यांचा संबंध होता, अगदीच नव्हता असं नाही. बाजारात आलेलं कापड कुठून आलं हा प्रश्न माझाही होताच, असं मी स्वतःला सांगितलं.

मग तिचं पत्र. तोच प्रश्न आला, आणि आता तेच उत्तर कसं देणार? दोन्ही पत्रांखाली एकच सही असणार, दोन्ही एकाच आठवड्यात एकाच समितीपुढे जाणार. तीच तीन वाक्यं दोन्हींत दिसली, तर ही पत्रं सरांनी लिहिलेली नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. दोघींचेही अर्ज बाद होतील. म्हणजे एकीच्याच पत्रात ती असू शकत होती. इथपर्यंत माझा विचार बरोबर होता. पुढचं पाऊल एवढंच होतं की ती वाक्यं माझ्या पत्रातून काढून तिच्या पत्रात टाकायची. दोन बटणं दाबायचं काम. मी बराच वेळ नुसती बघत बसले. मग तिच्या पत्रात लिहिलं की मूळ वस्तू प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नसतो. बाकी सगळं मन लावून लिहिलं, तिच्या कष्टांबद्दल, तिच्या घरच्या मागाबद्दल, तिच्या चिकाटीबद्दल. बाकीचं जितकं चांगलं लिहीन तितकं ते एक वाक्य झाकलं जाईल असं वाटत होतं. आता मीच अशा एका समितीवर बसते. पर्याय नसतो वगैरे वाक्य आलं की आम्ही पान उलटतो.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही कागद सरांकडे नेले. त्यांनी सही कुठं करायची ते बोटानं दाखवायला लावलं आणि दोन्हींवर झोकात सह्या ठोकल्या. ते कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचे होते. "मी करतो," सर म्हणाले. "नवीन यंत्र आणलंय. निवृत्त माणसाला तेवढंच काम." मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि निघाले. पायऱ्या उतरताना मला वाटलं होतं की मनाला काहीतरी टोचेल. काहीच टोचलं नाही. उलट भूक लागली होती.

वृत्ती मला मिळाली. तिनं 'अभिनंदन' एवढंच लिहून पाठवलं आणि त्यानंतर माझे फोन उचलणं बंद केलं. विभागात दिसली तर मान हलवायची आणि निघून जायची. मला वाटलं, साहजिक आहे, वाईट वाटलं असेल. थोडे दिवस जाऊ द्यावेत. आपण मोठ्या मनानं वागतोय असंही वाटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो.

तिकडे पोचले तेव्हा थंडी होती आणि आकाश दिवसभर संध्याकाळसारखं. पहिला आठवडा माझ्या व्यापाऱ्यांच्या नावांत गेला. दुसऱ्या आठवड्यात कापडांची देखभाल करणारी बाई मला शोधत वाचनकक्षात आली. पन्नाशीची, हळू बोलणारी, फार सभ्य. म्हणाली, तुमच्या सरांचं पत्र मी वाचलंय, मागच्या बाजूबद्दलचं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तुमच्यासाठी मी वेगळं टेबल मांडलंय.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्यामागून गेले.

टेबलावर मऊ पांढरं कापड अंथरलेलं होतं, वर दिवा होता, भिंग होतं. तिनं हातमोजे घातले, कोशाचा पहिला तुकडा खालच्या कडेनं अलगद उचलला आणि उलटा धरला. आणि माझ्याकडे बघत थांबली. मी भिंग घेतलं. वाकले. मला धागे दिसले. धाग्यांशेजारी आणखी धागे. कुठं काही बारीक टोकं वर आली होती, कुठं नव्हती. त्याचा अर्थ काय, हे मला आजही सांगता येणार नाही. चष्मा विसरून तिकीट वाचायला उभं राहिलेल्या माणसासारखी मी तिथं उभी होते, आणि चष्मा सदाशिव पेठेत होता.

"फोटो काढले तर चालतील?" मी विचारलं. अभ्यासासाठी चालतील, ती म्हणाली. चारही तुकड्यांचे मी काढले. ती चहाला गेली, तेवढ्यात मी ते मैत्रिणीला पाठवून दिले. वर काहीच लिहिलं नाही, काय लिहिणार? पुण्यात तेव्हा संध्याकाळ होती. दोन महिने जिनं माझा फोन उचलला नव्हता, तिची उत्तरं पाच मिनिटांत यायला लागली. एकामागून एक, चुकीच्या टंकलेखनासकट, घाईघाईनं. पहिला तुकडा अमुक गावचा, टोक आत खोचलंय बघ. दुसरा त्याच गावचा पण दुसऱ्या हातचा, हा माणूस डावखुरा होता. तिसरा आमच्याकडचा नाही, तो नदीपलीकडचा, धागा जाड आहे. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, तिनं माफ केलं. म्हणजे मला वृत्ती मिळाल्याबद्दल माफ केलं. बाकीचं तिला कुठं माहीत होतं?

बाई चहाहून परत आली. मी भिंग हातात घेतलं, पहिल्या तुकड्यावर वाकले, आणि मैत्रिणीची उत्तरं इंग्रजीत तिला सांगितली. मला हे कुणी सांगितलं, हे तिनं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. तिनं सगळं लिहून घेतलं. पुढे त्या तीन तुकड्यांखालची नोंद बदलली. 'नागपूरकडील रेशीम' जाऊन तिथं गावांची नावं आली. ही ओळख कुणी पटवली त्या रकान्यात माझं नाव आहे. संकेतस्थळावर आजही दिसतं. कुणीही बघू शकतं, मी मात्र बघत नाही.

परत आल्यावर मी तिला चॉकलेट आणि संग्रहालयाचं एक चित्रकार्ड दिलं. तिनं घेतलं. माझा प्रबंध झाला, नोकरी लागली. ऋणनिर्देशात तिचं नाव सहावं आहे, 'काही तांत्रिक शब्द समजावून दिल्याबद्दल'. तिच्या नोंदणीची मुदत संपली, ती वाढवून मिळाली नाही. मूळ कापड न पाहता तिच्या प्रबंधाचा मुख्य भाग उभाच राहत नव्हता, आणि सरांनीही हात वर केले. ती एका आयटी कंपनीत लागली. नव्यानं नोकरीला येणाऱ्यांची प्रमाणपत्रं खरी की खोटी हे तपासण्याचं काम. लग्न झालं, धायरीत घर झालं. दिवाळीला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवत होतो.

त्या विद्यार्थिनीच्या पत्रानं हे सगळं वर आलं. सोमवारी मी तिला बसवून घेतलं आणि पत्रातलं एकेक वाक्य विचारलं, हे कशावरून, ते कशावरून. ती रडकुंडीला आली. मग मी स्वतः तिच्यासाठी दुसरं पत्र लिहिलं. चांगलं वागल्यावर बरं वाटायला हवं ना? मला अधिकच वाईट वाटलं. शनिवारी मी मैत्रिणीला फोन केला, येऊ का म्हणून. तिला आश्चर्य वाटलं असणार, पण म्हणाली, ये की. स्वारगेटहून धायरीची बस पकडली. सिंहगड रस्त्यावर नेहमीप्रमाणे बस पुढं सरकेना, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. पुन्हा एक मसुदाच करत होते म्हणा.

ती एकटीच होती. नवरा मुलाला घेऊन क्रिकेटच्या क्लासला गेला होता. तिनं चहा केला आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी जुळवलेली वाक्यं सगळी विसरले आणि भलतीकडूनच सुरू झाले. पत्रं, सही, ती तीन वाक्यं, दोन बटणं, सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दोन्ही पत्रं मीच चढवली होती. सरांचं ते स्कॅनर चाललंच नाही. त्यांनी मला बोलावलं, मी दोन गल्ल्या सोडून तर राहायची. दोन्ही कागद मीच स्कॅन करून आणले, त्यांच्या संगणकावरून मीच चढवले." तिनं माझ्याकडे बघितलं. "मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं तेव्हा. वाचता येत होतं."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुणाला बोलू? सर समोर बसलेले, काळा चष्मा लावून. त्यांना सांगू, तुमची सही आहे ते तुमचं नाही? संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती. पाच वाजून गेले होते." तिनं कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "माझ्या हातात होतं गं. तुझं पत्र न चढवणं माझ्या हातात होतं. मी पाच मिनिटं तशीच बसले. मग चढवलं."

"का?"

"ते वाक्य खरं होतं म्हणून. माझ्या पत्रात नव्हतं तर नव्हतं, पण कुठंतरी होतं. दोघींतल्या एकीनं तरी ते कापड उलटावं." तिनं टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटानं पुसला. "राग खूप आला होता. अजूनही आहे. तू आज आलीस म्हणून तो गेला, असं काही समजू नकोस."

"मग त्या फोटोंना उत्तरं का दिलीस?"

"मले कापड पाहाचं होतं ना!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. तिच्या त्या बोलण्यानं मला विभागातला तो संगणक आणि तिची उलटी धरलेली ओढणी दिसली. "तू गेलीस का भूत गेलं, मले काय करायचं होतं त्याचं? कापड तर दिसलं."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पाणीही आणून दिलं नाही. मग फोन घेऊन काहीतरी शोधत बसली. मला वाटलं, संभाषण संपलं, आता उठावं. तेवढ्यात तिनं फोन माझ्यासमोर धरला. मी तेव्हा पाठवलेला चौथा फोटो होता. इतकी वर्षं तिनं तो जपून ठेवला होता. तुकडा उलटा धरलेला, आणि डाव्या कोपऱ्यावर त्या बाईचं मोजा घातलेलं बोट.

"या तुकड्याचं मी काहीच सांगितलं नव्हतं, आठवते? मी लिहिलं होतं, हा परत काढ, कोपरा दिसत नाही. तू नुसतं होकाराचं अंगठ्याचं चित्र पाठवलं होतंस."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तीन तुकड्यांची उत्तरं मिळाली होती, माझं काम भागलं होतं.

"सगळे विणकर रंग बदलला की काठाचा धागा तोडतात," ती म्हणाली. "आमच्या आळीत तोडत नव्हते, परत वळवून घेत. चार-पाचच घरं. या तुकड्याचं बाकी सारं आमच्यासारखं दिसते. बाबांना फोटो दाखवला होता तेव्हा. ते पण म्हणाले, कोपरा दिसला तर सांगीन. शेवटपर्यंत अधूनमधून विचारायचे, तुझ्या मैत्रिणीनं कोपरा पाठवला का म्हणून." तिनं बोटांनी फोटो मोठा केला, जितका होतो तितका. ते बोट तेवढं मोठं झालं. "फोटो नसला तर नसू दे. तू तिथं होतीस ना? बाईनं हात काढल्यावर तुला डोळ्यानं दिसलं असेल. धागा तोडला होता का वळवला होता?"

वळवला होता, एवढंच म्हणायचं होतं मला. दोन शब्द. अगदी जिभेवर आले होते. तिचा चेहरा कसा झाला असता ते मला दिसत होतं. आणि खोटं असलं तरी कुणाचं काय बिघडणार होतं, वडील तर राहिले नव्हते.

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

तिनं फोटो बंद केला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हे तरी खरं बोललीस," ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली.